काळी पानं, अंधारबाव आणि आमची भाची

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जपानी कॉमिक्सवर जे छापून आलं, रक्त, भुतं, पोरं बिघडतात वगैरे, त्यावरनं आमच्या बहिणीच्या घरात दोन दिवस नुसती धुसफूस चाललीय, कारण भाची कॉलेजात आहे आणि तसलंच काढते. मी शाहूपुरीत छपाईचं काम करतो, म्हणून माझ्याकडं हे प्रकरण आलं.

ती काढते त्याला जपानीत दोजिन्शी म्हणतात, ते म्हणजे काय, हे मला तिनंच सांगितलं. एकाच नादाची चार माणसं जमून स्वतःच्या पैशानं छापतात तो अंक. साठच्या दशकात मुंबईत आपल्या कवींनी सायक्लोस्टाइलवर अनियतकालिकं काढली त्यातलाच हा प्रकार म्हणा, फक्त कवितेच्या जागी चित्रं. तिकडं टोकियोत कॉमिकेट नावाची जत्रा भरते, १९७५ च्या डिसेंबरात पहिली भरली तेव्हा ३२ गट आणि सहा-सातशे माणसं होती, आता उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीला भरते आणि गर्दी म्हणाल तर जोतिबाची चैत्र यात्राच. विकणारा काय आणि घेणारा काय, सगळे ‘सहभागी’, गिऱ्हाईक म्हणायचं नाही कुणाला. हे मला लई आवडलं. क्लॅम्प नावाचा बायकांचा मोठा गाजलेला गट आहे, तो असल्याच अंकांतनं वर आला.

आता सगळंच तिथं सोवळं नाही, मोठ्यांसाठीचंही भरपूर असतं, तेवढं तुमचं बरोबर. पण गॉथिक, म्हणजे जुने किल्ले, अंधार, भुतं असल्या गोष्टी, म्हटलं की तुमच्या लेखकाला नुसतं रक्त दिसलं. मला दिसला काळा रंग! पानभर काळं आणि त्यात पांढरी एक खिडकी, एक हात, बास. त्यातल्या एका व्हॅम्पायर, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताच्या, पोराचं दुःख असं की तो मोठाच होत नाही, बाकीचे म्हातारे होऊन मरतात आणि हा तसाच. जपानच्या कॉमिक्सवाल्या मोतो हागिओ बाईंनी १९७२ पासून हे काढलंय, आणि ते मुलींच्या मासिकात. यात बिघडण्यासारखं काय आहे?

भाची २८ पानं घेऊन आली. अगं, उलटं लावलंयस का म्हटलं, तर म्हणते, मामा, जपानी कॉमिक्ससारखं उजवीकडनंच वाचायचं. मराठी उजवीकडनं कशी वाचणार, ते काय मला पटलं नाही, शेवटी डावीकडनं लावून घेतलं. खरी गंमत पुढं. एवढा पानभर भरीव काळा ऑफसेट मशीनवर मारला की शाई लवकर वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीला लागते. आणि ४० प्रतींसाठी ऑफसेटची छापायची प्लेट कोण काढणार? डिजिटल मशीनवर काढलं तर मधोमध पिना मारतो त्या घडीवर टोनर, म्हणजे त्या मशीनची कोरडी शाई, उडाला, काळ्यात पांढरी रेघ. जपानात या अंकांसाठी वेगळे छापखाने आहेत म्हणे, त्यांना हे रोजचं.

गोष्ट मला यथातथाच वाटली, एक मुलगी आपली सावली उसनी देते. पण किल्ला युरोपातला नाही, आपला पन्हाळा आहे! अंधारबाव, म्हणजे गडावरची जुनी विहीर, काढलीय तिनं, ते तीन मजले, खाली पाणी, वर पावसाळ्याचं धुकं, मी शंभरदा गेलो असेन तिथं पण चित्र बघून पहिल्यांदा भ्या वाटलं.

या गावाला कलानगरी म्हणतात ना? मग शाहू स्मारकच्या कलादालनात वर्षातनं दोन दिवस अशा पोरांना चार टेबलं मिळावीत, तुमच्या पेपरनं ते मनावर घ्यावं. आणि पुढच्या वेळी लेख लिहिताना असला एखादा अंक हातात घेऊन बघा, प्रत मी देतो.

दुसरा अंक दसऱ्यापर्यंत होईल म्हणते. घडीजवळ काळं भरू नकोस म्हणून तीनदा सांगितलंय, ऐकत नाही.

एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर