बाबा, मी शिकारीला गेलो होतो

व्हिरोक्वा, विस्कॉन्सिन
14 मे

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, तब्येत ठणठणीत आहे. पोस्टात टाकलं असतं तर जून उजाडला असता आणि तेवढा वेळ नाही, म्हणून पानांचे फोटो दादाला पाठवतोय. तो मोठा प्रिंट काढून देईल. फोनवर का नाही, तर फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि आई, तू "जेवलास का" विचारलंस की मी "हो" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत. सोपी आधी सांगतो.

बाबा, मी शिकारीला गेलो होतो. रानटर्कीच्या. ओळीने सात दिवस.

आता तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. तुमची सगळी नोकरी फासे जप्त करण्यात गेली, आणि लाइनवर आकडा टाकून रानडुकरासाठी पसरलेल्या तारा रात्री-बेरात्री शोधण्यात. क्वार्टरच्या मागच्या खोलीतली ती वाघुरींची चळत मला अजून आठवते. त्या माणसाचा मुलगा शिकारीला जातो म्हणजे काय! पण आधी ऐकून घ्या. मी बंदुकीला हात लावला नाही. मी फक्त कान म्हणून गेलो होतो.

घरमालक म्हातारबुवा तुम्हाला व्हिडिओवर दिसलेच आहेत, लाल टोपीवाले. नोव्हेंबरात त्यांची बायको गेली, ते मी सांगितलं होतं. गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय, आणि कानांचंही बाबांसारखंच. बारीक आवाज कळत नाही. कळला तरी कुठून आला ते कळत नाही. टर्कीच्या शिकारीत तर सगळा खेळ आवाजाचा. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते जिन्याखाली येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझे वडील जंगलात होते ना? मग तुला ऐकू येत असेल." एवढंच आमंत्रण.

इथली पद्धत ऐका, तुम्हाला आवडेल. हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी उघडतो आणि सात-सात दिवसांचे सहा हप्ते पडतात. परवाना एका विभागाचा, एका हप्त्याचा, एका पक्ष्याचा. वसंतात मारायचा तो दाढीवालाच. दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा, केसांसारख्या राठ पिसांचा झुपका. साधारणपणे तो नरालाच असतो, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून हा नियम. पक्षी पडला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारदरबारी नोंद करायची. आपल्याकडे तेवढ्या वेळात पंचनाम्याला पंच तरी मिळतात का?

आणि खरी गंमत पुढेच आहे. या राज्यात रानटर्की संपलाच होता. शेवटचा दिसला 1881 मध्ये. जंगलं तोडली, आणि बेसुमार मारले. मग पाळीव रक्ताचे पक्षी रानात सोडून बघितले, ते टिकले नाहीत; पिंजऱ्यात वाढलेल्याला कोल्हा कसा कळणार? शेवटी 1976 मध्ये मिझुरी राज्याकडून खरे रानातले 29 पक्षी आणले आणि सोडले ते आमच्याच, म्हणजे या व्हर्नन काउंटीत. बदल्यात विस्कॉन्सिनने त्यांना रफ्ड ग्राउझ दिले, आपल्या तितराच्या जातकुळीतले पक्षी. नुसती अदलाबदल! 1983 मध्ये पुन्हा शिकार उघडली, आणि आता सकाळी दूध आणायला निघालो की रस्त्यात आडवे येतात. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब नळीच्या बंदुकीवर 11 टक्के. 1937 च्या कायद्यापासून तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. तुम्हाला गस्तीच्या जीपला डिझेल मिळायचं नाही, ते आठवलं.

आई, तुझ्यासाठी एक. पोर्तुगीज भाषेत टर्कीला "पेरू" म्हणतात. आता हस. आणि 1612 मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी ज्या नवलाईच्या वस्तू नेल्या, त्यांत हा पक्षीही होता. त्याचं डोकं सरड्यासारखं रंग बदलतं, असं बादशहाने स्वतः लिहून ठेवलंय. उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहा खोटं बोलला नव्हता. ते पुढे येईलच.

यंदाचा हंगाम मात्र वाईट. एप्रिल संपता संपता बर्फ पडला. आमचा हप्ता 7 मेचा, तरी ओकला जेमतेम पालवी फुटली होती. थंडीने माद्या अंड्यावर बसायच्या लांबल्या आणि नरांभोवतीच घोळक्याने फिरत राहिल्या. शिकाऱ्याला हेच नडतं. नर झाडावरून ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते, हा त्यांचा रिवाज. आम्ही मादीचा आवाज काढून त्याला म्हणायचं, तूच इकडे ये. म्हणजे वरात उलट्या वाटेने. आजूबाजूला चार माद्या असताना तो कशाला येतोय?

पहाटे साडेतीनला उठायचं, थर्मासमध्ये कॉफी, आणि अंधारात टेकडी चढायची. उशी, खोटी मादी, पाणी सगळं माझ्या पाठीवर. खांद्याहून रुंद खोड बघून त्याला पाठ टेकायची, म्हणजे मागून दुसऱ्या कुणाची गोळी आली तरी आडोसा. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, कारण तेच नराच्या डोक्याचे रंग. एखादा शिकारी तुम्हालाच टर्की समजायचा. म्हातारबुवांची लाल टोपी त्या दिवसांपुरती खुंटीवर गेली. मग ते तोंडाने घुबडाचा आवाज काढणार, आणि दरीपलीकडे झाडावर झोपलेला नर न राहवून ओरडणार. वीज कडाडली की आपला मोर ओरडतो ना, अगदी तसं.

ओरडला की मी बोट दाखवायचं. एवढंच माझं काम.

बाबा, पहिल्याच पहाटे मला नागझिऱ्याचं मचाण आठवलं. बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची मोजणी, मी चौथीत असेन. मला शिंक आली म्हणून तुम्ही मांडीला काढलेला चिमटा! रात्रभर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, नुसतं बोट दाखवत होतात. चितळ कुठे ओरडलं, वानर कुठे खाकरलं. मला वाटायचं बाबा रागावलेत. या परवाच्या बुद्धपौर्णिमेला मी पुन्हा तसाच बसलो होतो, फक्त बोट माझं होतं.

मादीचा आवाज काढायला त्यांच्याकडे एक लाकडी डबी आहे. वरचं झाकण एका टोकाला सैल अडकवलेलं. त्याला खडू लावून कडेवर घासलं की "क्योक, क्योक" असा आवाज निघतो, हुबेहूब. डबी बायकोची. झाकणावर तिच्या अंगठ्याचा खळगा पडलाय, चांगला खोल. म्हातारबुवांचा अंगठा जाड, तो त्या खळग्यात बसत नाही. ते कडेलाच धरतात, आणि मग आवाज मध्येच फाटतो. दुसरी डबी घ्या, असं मी काही म्हणालो नाही.

पहिले तीन दिवस पाऊस आणि शांतता. गोचीड मात्र भरपूर; रोज घरी येऊन अंग तपासायचं. चौथ्या दिवशी एक आला. साठेक पावलांवर पिसारा फुलवून उभा. म्हातारबुवांची बंदूक गुडघ्यावर, मी श्वास धरून. तो आणखी वीस पावलं आला, आणि माझ्या खिशात फोन थरथरला.

आवाज नव्हता, नुसती थरथर. पण माझा हात आपसूक खिशाकडे गेला. चार बोटंच हलली असतील. टर्कीची नजर म्हणजे भयंकर. "पुट्" असा एक आवाज आणि समोर नुसती झाडं.

म्हातारबुवा रागावले नाहीत. बंदूक रिकामी केली, कॉफी ओतली आणि विचारलं, "कुणाचा?" आणि मी सांगून टाकलं.

तर ही दुसरी गोष्ट. मेल वकिलाचा होता. माझी नोकरी गेलीय. 31 मार्च शेवटचा दिवस होता. आमचा अख्खा विभाग बंद केला, पंधरा मिनिटांच्या एका कॉलवर. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी शोधायची नाहीतर निघायचं. 30 मे ही माझी तारीख.

दीड महिना मी तुमच्याशी खोटं बोललो. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसलो आणि "काम फार आहे" म्हणालो. खाली पायजमा. आई, तू एकदा म्हणालीस, "वाळलास रे." मी म्हटलं, कॅमेऱ्यात तसं दिसतं. बाबांच्या अँजिओप्लास्टीला महिनासुद्धा झाला नव्हता, हे माझं कारण. कारण म्हणून ठीक आहे, पण खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. गावात पेढे वाटून पाठवलेला मुलगा.

आणि तुमच्याआधी मी ते एका परक्या म्हाताऱ्याला सांगितलं, झाडाखाली बसून, गोचिडी झटकत. हे मला लागून राहिलंय. ते काही बोलले नाहीत. कॉफी संपवली. टेकडी उतरताना अर्ध्या वाटेवर थांबून म्हणाले, "जूनचं भाडं राहू दे." मग दम खाऊन, "उद्या फोन गाडीत ठेव."

काल शेवटचा दिवस. पहाटे पक्षी ओरडला आणि झाडावरून उतरताच गप्प झाला. नेहमीचंच. मला वाटलं संपलं. म्हातारबुवा म्हणाले, नऊ-दहापर्यंत माद्या अंडी घालायला निघून जातात, मग याला एकटं वाटायला लागतं. बसलो. पाय बधिर झाले. दहाच्या सुमारास मला काहीतरी जाणवलं. ऐकू आलं असं म्हणवत नाही. लांब कुठे ट्रक चालू असावा तसा छातीत घुमारा. तो फुललेला नर काढतो. म्हातारबुवांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी बोट उचललं नाही, नजरेनेच डावीकडे दाखवलं.

तो न ओरडता आला. पंख जमिनीला घासत, पिसारा उभा. डोकं आधी कापसासारखं पांढरं, डोळ्यांभोवती निळं, गळ्याला लालभडक गाठी. खोट्या मादीजवळ येईपर्यंत निळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं लाल होत होतं. अंगावर उन्हाची तिरीप आली तसं तांबं, पितळ, हिरवं सगळं एकदम चमकलं. आपल्या मोरापुढे हा कुरूप, पण नजर हटत नव्हती. तीस पावलांवर असताना म्हातारबुवांनी डबी एकदाच हळू घासली, त्याने मान वर काढली, आणि बार झाला.

पंख पाचोळ्यावर बराच वेळ आपटत होते. बाबा, मी तोंड फिरवलं नाही. चांगलं वाटलं असंही नाही. म्हातारबुवा जाऊन शेजारी बसले, एक हात त्याच्या पाठीवर ठेवून, बराच वेळ. मी मुद्दामच जरा लांब उभा राहिलो. मग भडक नारिंगी पिशवीत घालून तो मी पाठीवर घेतला. साडेनऊ किलो. टेकडी उतरताना त्याची ऊब माझ्या पाठीला लागत होती.

संध्याकाळी निम्मा पक्षी त्यांनी मला दिला. तंगडीचं मांस चिवट म्हणून इथले पुष्कळ जण टाकून देतात. मी मंद आचेवर तीन तास शिजवलं, आई, तू दिलेला सावजी मसाला घालून. म्हातारबुवांनी दोन ग्लास दूध पिऊन दोनदा वाढून घेतलं. नाक पुसत म्हणाले, बायको याचं सूप करायची, पण असं काही खाल्लं नव्हतं. स्तुती होती का तक्रार, कळलं नाही.

आता कामाचं. परवा शुक्रवारी एका कंपनीशी शेवटचं बोलणं आहे. जमलं तर त्यांना 30 तारखेच्या आत अर्ज भरावा लागेल. नाही जमलं तर 28 चं नागपूरचं तिकीट बघून ठेवलंय, काढलेलं नाही. पैशांची काळजी नको, सहा महिने निघतील. मात्र या महिन्यात घराच्या हप्त्याला मी पाठवतो ते थोडं उशिरा येईल. बाबा, गोळ्या चुकवू नका. हे वाचून दादावर चिडू नका, त्यालाही आजच कळलंय. फोन शनिवारी करा, तुमच्या सकाळी. शर्ट घालणार नाही.

पिसाऱ्यातलं एक पीस म्हातारबुवांनी तुमच्यासाठी दिलंय, बाबा. हातभर लांब, टोकाला बदामी पट्टा. मी ते इथेच पुस्तकात ठेवलंय. रानपक्ष्याचं पीस कागदपत्रांशिवाय विमानातून आणलं, तर पहिला पंचनामा तुम्हीच कराल.

तुमचा,
बंडू