पिकअपच्या पुढच्या सस्पेंशनचं काम घरी करायचं तर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, पुढून खडखडतंय आणि स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय असं तुम्ही कळवलंत, आणि काम घरीच करायचं ठरवलंय हेही. करा. फक्त खालचा आर्म, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा खालचा हात, घरी उघडायचा नाही. तुमच्या पिकअपला कॉइल स्प्रिंग खालचा आर्म आणि चॅसीच्या मधे दाबून बसवलेली आहे. तो आर्म सुटला की स्प्रिंग उसळून बाहेर येते, आणि तिच्या वाटेत माणूस असला तर जिवावर बेतू शकतं. खालचे बुश (आर्मच्या टोकातल्या रबरी नळ्या) आणि खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोळीचा सांधा) गॅरेजकडे. वरचे आर्म, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक), स्टॅबिलायझर लिंक (गाडी कलू न देणाऱ्या बारला आर्मशी जोडणारा छोटा दांडा) आणि शॉकअप एवढं घरी होतं.

पार्ट मागवायच्या आधी काय झिजलंय ते नक्की करा. आवाज आला की लोक आधी शॉकअप बदलतात आणि खडखड तशीच राहते, कारण ती बरेचदा लिंकची असते. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितक्या जवळ बसेल तितका लावा. चॅसीला लावलात तर स्प्रिंगचा ताण बॉल जॉइंटवर तसाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर तो थांबला तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही राहिला तर बॉल जॉइंटचा. टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघितलं की खालच्या जॉइंटचा उभा प्ले दिसतो.

टाय रॉड मात्र चाकं जमिनीवर असताना तपासायचे. आई, हे काम तुझं. गाडी बंद ठेवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे, लहान झटक्यांनी हलव. बाबांनी जॉइंटवर हात ठेवायचा. रॉड आधी हलतोय आणि नकल (चाकाचा हब ज्यावर बसतो तो लोखंडी भाग) उशिरा हलतंय, असं बोटाला जाणवलं की तो एंड संपला.

वरचा आर्म बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला, शाफ्टसकट (आर्म ज्यावर फिरतो तो दांडा) अख्खा घ्या. थोडा महाग पडेल, पण जुना बुश प्रेसने काढायची कटकट वाचते आणि घरी ते काम नीट होतही नाही. सगळं जोडीने बदला. एका बाजूचा शॉकअप नवा आणि दुसरा जुना असला की ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही. स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुपाखी पिन) आणि नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट नवेच लावा. गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा.

उचलण्याआधी सपाट जागेवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. ते शेवटी लागेल. मागच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावा, चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करा, आणि गाडी चॅसीखाली दोन स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही, एका मिनिटासाठीही नाही. दुसरा जॅक खालच्या आर्मखाली, स्प्रिंगचा भार पेलेल असा लावा आणि वरचं सगळं काम होईपर्यंत हलवू नका. शॉकअप काढल्यावर आणि वरचा जॉइंट सुटल्यावर खालच्या आर्मला थांबवणारं त्या जॅकशिवाय काहीच उरत नाही.

वरच्या बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढा, नट तीन-चार आटे ढिला करा पण पूर्ण काढू नका. नकलच्या ज्या भोकात टेपर (जॉइंटचा निमुळता दांडा) बसलाय त्याच्या बाजूवर हातोड्याचे दोन-तीन जोरदार ठोके द्या, दांड्याच्या टोकावर नव्हे. सुटला तर नट त्याला धरून ठेवतो. जॉइंट सोडवायचा दुतोंडी फोर्क वापरायला मी सहसा नको म्हणते, कारण तो जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाडतो. जॉइंट फेकायचाच असेल तर मग हरकत नाही. नट काढल्यावर नकल बाहेर झुकतं, म्हणून तारेने आधीच बांधून ठेवा, नाहीतर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते.

आर्मचा शाफ्ट चॅसीला बसतो तिथे पत्र्याच्या शिम (पातळ चकत्या) असतील. पुढच्या बोल्टच्या किती आणि मागच्या किती, ते मोजून वेगळ्या पुड्यांत ठेवा. चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) त्यांच्यावरच ठरलेला असतो.

बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, ग्रीस अजिबात नाही. नटाचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते) गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळा, मागे कधीच नाही. दांडा नटासोबत फिरत असेल तर आर्म आणि नकल एकमेकांकडे दाबून धरा, टेपर पकडला की फिरायचं थांबतं.

टाय रॉड एंड काढताना चेक नट (एंडला जागेवर पकडून ठेवणारा नट) फक्त पाव फेरा सोडा, मग एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्यांत बसवा. टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) साधारण जागेवर राहतो, गॅरेजपर्यंत गाडी न्यायला तेवढं पुरे.

आता खरी गोम. वरच्या आर्मच्या टोकांचे बुशचे नट चाक लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. आर्म खाली लोंबत असताना घट्ट केलात तर गाडी जमिनीवर आली की बुश कायमचा पिळलेला राहतो, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. लोक मग पार्टला दोष देतात. म्हणून नट हाताने लावा, चाकं चढवा, स्टँड चॅसीखालून काढून दोन्ही खालच्या आर्मखाली ठेवा आणि गाडीचं वजन त्यांवर येऊ द्या. हबपासूनचं अंतर आधी लिहिलेल्या आकड्याशी जुळलं की मगच अंतिम टॉर्क. बुशला तेल-ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

नट आवळताना स्टॅबिलायझर लिंकचा दांडा फिरतो तेव्हा त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून धरायचा. बॉल जॉइंटला ग्रीस देताना बूट किंचित फुगला की थांबा. फुटला तर आत पाणी आणि धूळ जाते आणि जॉइंट लवकर संपतो.

शेवटी चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, जमिनीवर टॉर्क करा. ब्रेक पेडल काही वेळा दाबून घट्ट झालंय का बघा, मगच गाडी हलवा. 100 किलोमीटरनंतर सगळे नट एकदा परत तपासा. गॅरेजमधलं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) टाळू नका, नाहीतर नवे टायर एका कडेने खाल्ले जातील. कॅम्बर, कॅस्टर आणि टो लिहिलेला कागद मला पाठवा. दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये मोठा फरक असेल तर शिमच्या पुड्या उलट-सुलट बसल्यात का, तेच आधी बघू.

आई, बाबा गाडीखाली असताना तू कुठेही जाऊ नकोस.

तुमची लेक