चिनू, गणित पुढच्या वर्षावर नको टाकूस

प्रिय चिनू,

काल जेवताना मी कॉलेजचा विषय काढला आणि तू ताट घेऊन खोलीत निघून गेलास, म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय कारण मनातलं मला इंग्लिशमध्ये नीट सांगता येत नाही, आणि तुला वाचता येतं, इतके रविवार मराठी शाळेत नेलंय तुला. सावकाश वाच पण पूर्ण वाच.

तुझा प्लेसमेंटचा कागद, म्हणजे कॉलेजात तुला कुठल्या लेव्हलच्या वर्गात बसवणार ते सांगणारा, प्रिंटरवरच राहिला होता, मी पाहिला. इंग्लिश थेट, सपोर्ट नको. स्टॅटिस्टिक्सपण थेट, पण सोबत सपोर्ट क्लास घ्या असं लिहिलंय. आणि त्याखाली तू पेनने लिहिलंयस, मॅथ नेक्स्ट इयर. बाबा म्हणाले त्याचं त्याला ठरवू दे. ठरव तूच, पण माझं काय झालं होतं ते आधी ऐक, मी तुला कधी धड सांगितलेलंच नाहीये.

२०१४ ला आपण नाशिकहून इथे कॅलिफोर्नियात आलो तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मी केमिस्ट्रीत बीएस्सी, पण सगळी शाळा मराठी माध्यमात झालेली. मला अकाउंटिंगचा कोर्स करायचा होता म्हणून जवळच्या एका कॉलेजात गेले, तर म्हणाले आधी टेस्ट द्या. कधी? तर आत्ताच, कॉम्प्युटर रिकामा आहे. कसली तयारी नाही, यावर पुढची दोन वर्षं ठरणार आहेत हेही कोणी सांगितलं नाही. ती टेस्ट अशी असायची की उत्तर चुकलं की पुढचा प्रश्न सोपा यायचा, आणि मला वाटत राहिलं की छान चाललंय, प्रश्न किती सोपे आहेत! त्यात गॅलन आणि फूट-इंच, ते मी तेव्हा पहिल्यांदाच बघत होते. शेवटी कागद हातात आला, गणितात कॉलेजच्या लेव्हलच्या तीन पायऱ्या खाली. बीएस्सीची मार्कशीट पर्समध्ये होती, ती कोणी मागितली नाही आणि मलाही दाखवायचं सुचलं नाही. मी एक सेमिस्टर अपूर्णांक आणि ऋण संख्या शिकले, मग तुझ्या शाळेच्या वेळा जमेनात, मग सोडलं. पाच वर्षं मी मनातून मानत होते की मला इथलं जमत नाही. ते खरं नव्हतं चिनू.

आणि हे माझ्या एकटीचं नव्हतं. तेव्हा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे अशा दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, येणाऱ्या दहातल्या आठ जणांना असा एखादा तरी खालचा कोर्स करावा लागायचा. कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरने २०१२ मध्येच दाखवलं होतं की या टेस्टमुळे गणितात साधारण चारातला एक आणि इंग्लिशमध्ये तिघातला एक अगदी चुकीच्या वर्गात पडतो. तूच हिशोब करून बघ, तीन खालचे वर्ग, प्रत्येकात शंभरातले सत्तर पास झाले असं धर. सत्तर, मग एकोणपन्नास, मग चौतीस. म्हणजे कॉलेजच्या खऱ्या गणिताच्या दारापर्यंत चौतीसच पोचले, आणि दोन सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत नोकरी लागली, बाळ झालं, गाडी बंद पडली म्हणून जे परत आलेच नाहीत ते यात धरलेलेच नाहीत. मी त्यातलीच.

मग २०१७ मध्ये एबी ७०५ कायदा झाला आणि २०१९ च्या फॉलपासून कॉलेजांना हायस्कूलचे ग्रेड बघून थेट ट्रान्सफर लेव्हलला, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत धरल्या जाणाऱ्या कोर्सला, बसवणं भाग पडलं. मी तेव्हा घाबरत घाबरत परत गेले. या वेळी कोर्स निवडायला मदत करणाऱ्या कौन्सिलर बाईंनी आधी विचारलं, बारावीला गणितात किती होते? मी सांगितलं आणि त्या हसून म्हणाल्या मग इथे का बसलात, स्टॅटिस्टिक्स घ्या, सोबत सपोर्ट क्लास घ्या. मी बी ग्रेड आणली. आज माझी जी नोकरी आहे ती तिथून सुरू झाली.

आता तुझं. राज्याने जे आकडे ठरवून दिले त्यात स्टॅटिस्टिक्सला जीपीए, म्हणजे हायस्कूलच्या ग्रेडची सरासरी, ३.० किंवा वर असेल तर सपोर्टची गरज नाही, आणि २.३ पासून ३.० च्या आतल्यांना सपोर्ट घ्या असं सुचवतात. तुझा २.८ आहे. सपोर्ट सुचवला यात ढ असण्याचा काय संबंध? तासाभराच्या टेस्टपेक्षा जीपीए जास्त खरं सांगतो कारण त्यात चार वर्षांचं रोज वर्गात बसणं, होमवर्क, सगळं येतं. आणि तुझ्या त्या चार वर्षांत आजोबा गेले तेव्हाचे नाशिकचे सहा आठवडेपण आहेत, ते कुठल्या आकड्यात दिसत नाहीत, ते कौन्सिलरना तुला तोंडाने सांगावं लागेल. सांग. लाजू नकोस.

सपोर्ट क्लास म्हणजे तेच स्टॅटिस्टिक्स, त्याच सेमिस्टरला, फक्त आठवड्यात थोडे जास्त तास, त्यात लागणारं जुनं अल्जिब्रा तेव्हाच्या तेव्हा उजळून घेतात. पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफरला मुख्य कोर्सचेच युनिट, म्हणजे क्रेडिट, मोजतात. एका युनिटला ४६ डॉलर, ते मी भरते, तो विचार तू करूच नकोस.

सगळेच पास होतात असं मी म्हणत नाही. थेट बसवलेली काही मुलं नापास होतात, तिथल्या काही सरांनाही ही पद्धत आवडत नाही, आणि त्यांची काळजी खोटी नाहीये. पण नापास झालास तर पुढच्या सेमिस्टरला तोच कोर्स परत घेता येतो, आणि वर्षभर लांबवलंस तर हायस्कूलचं जे थोडं डोक्यात आहे तेही जाईल. तुला सायकॉलॉजी करायचंय ना, त्यात स्टॅटिस्टिक्स लागतंच, चुकवता येत नाही. कॅटलॉगमध्ये आता ते स्टॅट सी१००० नावाने आहे.

अजून एक, अर्णवने घेतलंय म्हणून तेच कोर्स घेऊ नकोस, त्याला इंजिनिअरिंगला जायचंय, त्याचं गणित वेगळं.

गुरुवारी अडीचला कौन्सिलरची अपॉइंटमेंट आहे. एज्युकेशन प्लॅन झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनचा लवकरचा नंबर मिळत नाही, आणि दुपारचे सपोर्टवाले सेक्शन पटकन भरतात. आत तू एकटा जा, मी पार्किंगमध्ये थांबते. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तुझी हायस्कूलची मार्कशीट, निळ्या फाइलमध्ये आहे, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, आठवणीने घे.

आई