लिनक्सवर मराठी तुटते तेव्हा आधी काय तपासावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १०चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी पण धडधाकट यंत्रे भंगारात घालण्यापेक्षा त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणक प्रणाली, म्हणजे तिचे उबुंटू किंवा लिनक्स मिंट हे प्रकार, बसवणे हा जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांना, वाचनालयांना आणि छोट्या कार्यालयांना परवडणारा मार्ग आहे. पण ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याच कारणावरून लिनक्स काढून पुन्हा विंडोजची चोरटी प्रत टाकली जाते, याचे वाईट वाटते. या एका तक्रारीत निरनिराळे बिघाड असतात आणि त्यांतले बहुतेक जागच्या जागी सुटतात. म्हणून हे सविस्तर पत्र. (खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, त्या लहान रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.)

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्टच नाही. ‘एफसी-लिस्ट’ लिहून, जागा सोडून, कोलन, लगेच ‘लँग’, बरोबरचे चिन्ह आणि ‘एमआर’ असे द्यावे. मराठी लिहू शकणाऱ्या फॉन्टची यादी येते. यादी कोरी आली तर उबुंटू-मिंटवर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ ही पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे तयार संच) बसवावीत. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारावर ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ शोधावे. मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचे जे पॅकेज अनेक जण हटकून टाकतात, त्यात एरियल, टाइम्स, व्हर्डाना वगैरे आहेत, विंडोजमधला देवनागरी फॉन्ट मंगल नाही. मराठीसाठी त्याचा काही उपयोग होत नाही.

बाकी सगळे ठीक आणि फक्त ‘ॲग्रो’ किंवा ‘ॲड.’मधला पहिलाच वर्ण चौकोन होतो किंवा वेगळ्याच जाडीचा दिसतो, हेही नेहमीचे. ॲ हा वर्ण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतो आणि मग यंत्रणा तेवढे एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणते. ‘लँग’च्या जागी ‘कॅरसेट’ आणि ‘एमआर’च्या जागी ९७२ हा ॲचा युनिकोड क्रमांक (आकडे रोमन) दिला की हा वर्ण असलेलेच फॉन्ट दिसतात. आधी अ आणि मग चंद्र असे वेगवेगळे टाइप केले तर मधे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तिथे फॉन्ट बदलून काही होणार नाही, टाइप करणेच सुधारावे लागते. तसेच ‘केऱ्हाळे’, ‘तऱ्हा’ यांचे. तिथे नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त हवा. साधा र घेतला की रफार डोक्यावर चढतो आणि शब्द ‘केर्हाळे’ होतो.

फॉन्ट टाकूनही दिसत नाही, याची कारणे अगदी साधी असतात. झिप फाइल न उघडता तशीच टाकलेली असते. किंवा ॲडमिनच्या अधिकाराने फाइल टाकल्यामुळे साध्या वापरकर्त्याला ती वाचता येत नाही. तेव्हा फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ परवानगी द्यावी, म्हणजे सगळ्यांना वाचता येते. एकाच वापरकर्त्यासाठी असेल तर होम फोल्डरातल्या डॉट-लोकल, शेअर, फॉन्ट्स या वाटेवर ठेवावा. सगळ्यांसाठी असेल तर यूएसआर, लोकल, शेअर, फॉन्ट्समध्ये. मग ‘एफसी-कॅश’ला ‘वजा एफव्ही’ जोडून चालवावे आणि उघडे असलेले ॲप बंद करून पुन्हा उघडावे. हे शेवटचे न केल्यामुळेच पुष्कळ जण फॉन्टला दोष देतात.

मराठी दिसते पण ओबडधोबड दिसते, तेव्हा प्रश्न निवडीचा असतो. ‘एफसी-मॅच’पुढे ‘सॅन्स’, कोलन आणि तेच ‘लँग’-‘एमआर’ दिले की यंत्रणा कोणता फॉन्ट उचलते ते कळते. तो बदलायचा तर होममधल्या डॉट-कॉन्फिग, फॉन्टकॉन्फिग या फोल्डरात फॉन्ट्स-डॉट-कॉन्फ ही फाइल करावी आणि ‘एलियास’च्या आत ‘प्रिफर’मध्ये आपला फॉन्ट लिहावा. एखादा टॅग बंद करायचा राहिला तर आपले म्हणणे लागूच होत नाही. ‘एफसी-मॅच’ पुन्हा चालवल्यावर चुकीची ओळ टर्मिनलमध्ये छापली जाते. फाइल बिनचूक असूनही फरक पडत नसेल तर ईटीसीमधल्या फॉन्ट्स, कॉन्फ-डॉट-डी या फोल्डरात ‘५०-यूजर’ नावाची फाइल आहे ना ते पाहावे. वापरकर्त्याची फाइल तिच्यामार्फतच वाचली जाते.

लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे गणित वेगळे आहे. तिथे देवनागरी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’मध्ये (जोडणीच्या लिप्यांसाठीच्या वेगळ्या गटात) मोडते. टूल्स, ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर ते चालू करून मराठी निवडावी आणि स्टाइलमध्ये त्याचा फॉन्ट स्वतंत्र द्यावा. वरचा वेस्टर्न फॉन्ट कितीही बदलला तरी मराठी हलत नाही. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, शाळेच्या कामात तर ते मुळीच चालू नये. मंगलमध्ये केलेली फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. छापण्यापुरते हवे असेल तर पीडीएफच मागवावी.

टर्मिनलमधली मराठी पाहून मात्र फॉन्टची परीक्षा करू नये. बऱ्याच टर्मिनलना जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवताच येत नाहीत.

उरतो तो एकच बिघाड, ज्याला लिनक्सकडे औषध नाही. मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसला तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर ओळ न् ओळ तपासावी लागते, कारण रफार आणि जोडाक्षरे तिथेच हमखास निसटतात. म्हणून आपल्या भागातल्या सर्व कार्यालयांना आणि संस्थांना कळकळीची विनंती आहे की नमुने, परिपत्रके आणि अर्ज युनिकोडमध्येच काढावेत आणि पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करावेत. ‘पीडीएफफॉन्ट्स’ या आज्ञेपुढे फाइलचे नाव दिले की ‘ईएमबी’ या रकान्यात होय किंवा नाही असे उत्तर मिळते. ‘नाही’ आले तर ती फाइल वेबसाइटवर चढवू नये, मूळ फाइलमधून पुन्हा काढावी.

आपला,
एक वाचक,
अमळनेर (जि. जळगाव)