मोतीचं वय झालंय, पण त्याला दुखतंयसुद्धा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "मोती आता जिना चढत नाही, वय झालं त्याचं." आणि बाबा मागून म्हणाले की त्यांच्या गुडघ्याच्या गोळीतली अर्धी त्यालाही देऊन बघू. तेव्हापासून मला चैन नाही.

बाबा, ती गोळी कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने नको. (शेजारच्या मनीला तर चुकूनही नको, मांजरांच्या ती जिवावर बेतते.) कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वेगळी औषधं असतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याला ती शक्यतो रक्त तपासूनच देतात.

मागच्या वेळी मी आले होते तेव्हा मोती पाणी पीत होता. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय हळूहळू फाकत गेले. त्याने ते गोळा केले, पुन्हा उभा राहिला, पुन्हा प्यायला लागला. तोंडातून आवाज नाही, म्हणून मीही दुर्लक्ष केलं. चुकलंच माझं. सांधे दुखतात तेव्हा कुत्री सहसा ओरडत नाहीत. उठायला वेळ लावतात, उडी मारायचं सोडून देतात, आणि आपण म्हणतो वय झालं.

अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी टाका. नखं वाढली असतील तर कापून घ्या, त्यानेही पाय घसरतो. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं न्या. आणि आई, लाडाचा खाऊ थोडा कमी कर गं, त्याचं वजन उतरलं की सांध्यांवरचा भार उतरेल.

बाबा, तो घरात चालतो-उठतो त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरून तो नीट चालून दाखवेल आणि डॉक्टरांना काही दिसणार नाही. पाणी पूर्वीपेक्षा जास्त पितोय का, तेही बघा. मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असला तर ते बऱ्याचदा आधी तिथेच कळतं. इथून पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करायचीच.

शनिवारी मी येतेय, डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रात्री तो जिन्याच्या पायथ्याशी वर बघत उभा राहतो म्हणालीस ना, आई? तोवर तुमच्यापैकी कुणीतरी खालच्या खोलीत झोपाल का?

तुमची,
लेक