बाबा, त्या खेळात व्हॉल्व्हच नाही

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "अजून तो घरं बांधायचा खेळ खेळायलीस का गं? रात्रीची झोपत जा." मी "हो, झोपते" म्हणाले आणि विषय बदलला. नंतर चुटपुट लागली. फोनवर हे नीट सांगता येत नाही म्हणून लिहायला बसले. बाबा, यातलं बरंचसं तुमच्यासाठी आहे. आईनं चष्मा लावून मोठ्यानं वाचावं.

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाचं नाव सिटीज स्कायलाइन्स. फिनलंडमधल्या टाम्पेरे गावच्या जेमतेम डझनभर माणसांनी तो केला आणि २०१५ मध्ये बाजारात आणला. सुरुवातीला साधारण दोन किलोमीटर लांब-रुंद रिकामी जमीन मिळते, एक नदी आणि हायवेचा एक फाटा. त्यातून शहर उभं करायचं. आई, तू "घरं बांधायचा खेळ" म्हणतेस, पण घरं मी बांधतच नाही. मी रस्ता काढते, पाण्याची लाइन टाकते, वीज आणते आणि हा पट्टा घरांचा, हा दुकानांचा, हा कारखान्यांचा असं रंगवून ठेवते. मग हायवेवरून सामानाच्या गाड्या येतात आणि माणसं आपापली राहायला लागतात. एकाही घराला मी हात लावलेला नसतो, तरी संध्याकाळी खिडक्यांत दिवे लागतात. ते बघताना मला फार बरं वाटतं. दिवसभर ऑफिसात मी दुसऱ्यांच्या बिलांचे आकडे तपासते. तिथं मी केलेल्या कामानं कुणाच्या घरात दिवा लागलेला मला दिसत नाही.

रात्र जाते ती मात्र दिव्यांपायी नाही, ट्रॅफिकपायी. एका ठिकाणी ठिगळ लावावं तर दुसरीकडं उसवतं. एक चौक मोकळा केला की तुंबलेल्या गाड्या पुढच्या चौकात जाऊन उभ्या राहतात. तीन लेनचा रस्ता दिला तरी सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये रांग लावतात, कारण पुढं सगळ्यांनाच डावीकडं वळायचं असतं आणि प्रत्येकीनं आपली लेन मैलभर आधीच धरून ठेवलेली असते. बाजूच्या दोन लेन रिकाम्या. आग विझवायची गाडी त्याच रांगेत, कचऱ्याची त्याच रांगेत. फार वेळ अडकलेली गाडी खेळ सरळ गायब करतो, म्हणजे कोंडी सुटली असं वाटतं आणि ती सुटलेली नसते. या एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. चूक झाली असेल तर ती दिसायला हवी.

मागच्या दिवाळीत मी घरी होते तेव्हा गंजगोलाई करत होते. आपली, लातूरची. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. १९१७ च्या सुमाराची आखणी, शंभर वर्षं झाली तरी चालते आहे. खेळात मी तो गोल तीन वेळा काढला आणि तिन्ही वेळा तो तुंबला. सोळा तोंडं इतकी जवळजवळ येतात की एक गाडी बाहेर पडेपर्यंत मागची दहा तोंडं बंद होतात. शिवाय तिथं सराफांचा रस्ता वेगळा, चपलांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा असं काही करता येत नाही. निळा रंग दिला की दुकान येतं, कशाचं येईल ते आपल्या हातात नसतं. मिरचीचा ठसका नसलेली गोलाई मला काही आपली वाटली नाही.

त्या दिवशी आई, तू चहा घेऊन मागं उभी होतीस. मी गोलाईचा एक रस्ता रुंद करायला घेतला. खेळात त्याला एक क्लिक लागतो. नवा रस्ता जुन्यावर ठेवला की कडेची घरं रंग बदलून दाखवतात, दाबलं की जातात. अकरा घरं गेली. तू विचारलंस, "अगं, ह्यातली माणसं कुठं गेली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खेळाकडंही नाही. नोटीस नाही, मुदत नाही, भरपाई नाही, कुणी दारात येऊन बसत नाही. प्रत्येक माणसाला त्यात नाव असतं, घर असतं, कामाची जागा असते. क्लिक करून त्याच्या मागंमागं फिरता येतं. आणि तरी घर पाडल्यावर त्याचं काय झालं, हे मी इतकी वर्षं कधी बघायला गेले नव्हते. त्या रात्री मी तो रस्ता होता तसा ठेवला. तेव्हापासून पाडायच्या आधी मी एकदा त्या घरातली नावं बघते. खेळाला त्यानं काही फरक पडत नाही, मला पडतो.

आता बाबा, तुमचं.

असा पहिला गाजलेला खेळ, सिमसिटी, १९८९ चा, माझ्या जन्माच्या वर्षाचा. विल राइट या अमेरिकन माणसानं त्याआधी हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकायचा एक खेळ केला होता. बॉम्बफेकीसाठी बेटं, रस्ते, कारखाने रचताना त्याच्या लक्षात आलं की उडवण्यापेक्षा रचण्यातच आपलं मन जास्त रमतंय. त्यावरून सिमसिटी झाला. ज्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही असा खेळ विकत कोण घेणार, म्हणून तो लवकर कुणी छापायला तयार नव्हतं. त्या पहिल्या खेळात वीज होती, रस्ते होते, पोलीस होते. पाणी नव्हतं. पाण्याचे नळ १९९३ च्या पुढच्या आवृत्तीत आले, जमिनीखालचा वेगळा नकाशा उघडून ते टाकायचे. मी तोच पहिल्यांदा बघितला, सातवीच्या सुट्टीत कॉम्प्युटर क्लासला. आणि त्यातही पाणी न देता गाव बऱ्यापैकी वाढायचं! मला तेव्हाच ते खटकलं होतं, कारण आमच्या घरात पाण्यावाचून काहीच पुढं सरकत नसे, तुमची झोपसुद्धा नाही.

तुम्ही गावाला पाणी सोडायला पहाटे साडेतीनला उठायचात. दाराच्या मागं ती व्हॉल्व्ह फिरवायची चावी उभी असायची, तेव्हा माझ्याच उंचीची, वर आडवा दांडा. पाचवीत असताना हट्ट करून एकदा मी तुमच्याबरोबर आले होते. तुम्ही चेंबरचं झाकण सरकवलंत, बॅटरी मला धरायला दिलीत, चावी खाली सोडून अंदाजानंच व्हॉल्व्हवर बसवलीत आणि आटे मोजत फिरवायला लागलात. सात आट्यांवर थांबलात. मी विचारलं, "पूर्ण का नाही उघडत?" तुम्ही म्हणालात, "ही गल्ली उताराला आहे. हिला पूर्ण सोडलं तर टेकाडावरच्यांना थेंब मिळायचा नाही." मग तुम्ही दांड्याला कान लावलात आणि मलाही लावायला सांगितलंत. आत आधी नुसती हवा घुसमटत होती, मग घरघर, आणि मग एकसारखा गार आवाज. "आलं," तुम्ही म्हणालात. मिनिटभरात गल्लीत पहिली मोटर सुरू झाली.

स्कायलाइन्समध्ये व्हॉल्व्हच नाही, बाबा. पाइप घराजवळून गेला की पाणी आलं, दिवसरात्र, सगळ्यांना सारखं. उतार नाही, टेकाड नाही, लाइनच्या शेपटाचं घर नाही, पाळी नाही. पाणी कमी पडलं तर खेळ सांगतो, आणखी पंप लाव. नदी मात्र त्यांनी मन लावून केली आहे. पाणी खरोखर वाहतं, साचतं, धरण बांधलं तर मागं चढतं. माझ्या पहिल्या शहरात मी पंप वर आणि गटाराचं तोंड खाली ठेवलं होतं, तुम्ही सांगितलं असतं तसंच. गाव वाढलं, मी पंप वाढवत गेले. एक दिवस अर्धं गाव आजारी. कितीतरी वेळ कारण कळेना. मग नदीवर जवळ जाऊन बघितलं तर तपकिरी पट्टा उलटा वर चढत होता. पंपांनी नदीला पेलेल त्यापेक्षा जास्त पाणी ओढलं होतं आणि प्रवाहच फिरला होता. त्या रात्री मी दोनपर्यंत जागी होते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पाण्याचं गणित हाताला लागलं, असं वाटलं.

पण ती नदी आटत नाही. नकाशाच्या कडेवरून ती ठरल्या पातळीनं येतच राहते, पाऊस पडो न पडो. नदी नको असेल तर टाकी लावायची, ती जमिनीतून पाणी घेते आणि जमिनीतलंही संपत नाही. आपल्या कॉलनीतल्या बोअरची खोली आठवली की मला ते बघवत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. चार लाखांच्या शहरात माणशी सव्वा लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पण त्या सकाळी फोनवर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "गाडी आली. पण माझ्या चावीला काम नाही." लाइन कोरडी होती आणि तुम्हाला टँकरवर उभं केलं होतं. लोक तुम्हालाच बोलत होते. तुम्ही कुणाला उलटून बोलला नाहीत, हे मला आईनं फार उशिरा सांगितलं.

२०१३ चा सिमसिटी करणाऱ्यांनी खऱ्या शहरांतल्या पार्किंगच्या जागा मोजून बघितल्या होत्या म्हणे. त्या इतक्या निघाल्या की खऱ्या मापानं दाखवल्या असत्या तर खेळ कंटाळवाणा झाला असता, म्हणून त्यांनी त्यातल्या बऱ्याचशा जमिनीखाली आहेत असं मानून गाळल्या. खेळ खेळण्याजोगा राहावा म्हणून हे करावं लागतं, मला समजतं. फक्त असं वाटतं की तुमचं सगळं आयुष्य त्या गाळलेल्या भागात गेलं. अपुरं पाणी चारशे घरांना भांडण न होता कसं पोचवायचं, हे काम त्यात कुठंच नाही. आणि शहर त्याच कामावर चालतं.

आणखी एक सांगायचंय, ते लिहायला जड जातंय. खेळात मी एकदा एकाच झपाट्यात मोठी वसाहत केली. नव्या घरांत येणारे सगळे तरुण असतात. काही वर्षं वसाहत गजबजलेली, शाळा भरलेल्या. मग एकदम घरांवर मरणाच्या खुणा यायला लागल्या, आधी चार, मग चाळीस. सगळे एकाच वेळी आले होते, म्हणून सगळे एकाच वेळी म्हातारे झाले आणि एकाच वेळी गेले. शववाहिका ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या. खेळणारे याला मरणाची लाट म्हणतात आणि वैतागतात. मी लॅपटॉप मिटला आणि आपली कॉलनी डोळ्यांपुढं आली. १९८८ चे प्लॉट, सगळे तिशीतले, सगळ्यांची मुलं एका रिक्षात शाळेला. दिवाळीत मी मोजलं. आपल्या ओळीतल्या बावीस घरांपैकी चौदा घरांत आता दोनच माणसं आहेत, काहींत एक. जानेवारीत बाबांचं बीपी वाढलं त्या रात्री गाडी काढायला ओळीत कुणी नव्हतं. मेडिकलवाल्याचा मुलगा आला म्हणून निभावलं.

खेळात यावर उपाय आहे. वसाहत एकदम भरायची नाही, थोडी थोडी, वेगवेगळ्या वेळी भरायची, म्हणजे सगळ्या वयांची माणसं राहतात. आपल्या वरच्या दोन खोल्या माझ्यासाठी रिकाम्या ठेवल्यात, मी वर्षातून बारा दिवस येते. त्या भाड्यानं द्या. लहान मुलं असलेलं घर बघा, डिपॉझिट कमी आलं तरी चालेल. आई, जिन्यावर पायांचा आवाज होईल, अंगणात सायकली पडतील. तुला आवडेल, मला माहीत आहे. मी आले की खाली तुमच्या खोलीत झोपेन.

आणि बाबा, एक काम. लाइनचा नकाशा तुमच्या डोक्यात आहे, कागदावर कुठंच नाही, असं तुम्ही निवृत्तीच्या दिवशी म्हणाला होतात. एक मोठी वही घ्या आणि काढायला लागा. कुठला चेंबर कुठं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे, कुठली गल्ली आधी. माप चुकलं तरी चालेल, खुणा लिहा, पिंपळ, पिठाची गिरणी, जे असेल ते. मी गणपतीत येते तेव्हा आपण दोघं बसू. मी गोलाई चौथ्यांदा काढणार आहे. सोळा रस्त्यांपैकी सात रस्त्यांखालून लाइन कशी जाते ते मला कळलेलं नाही, आणि देवळामागचा तो चेंबर, जो तुम्ही नेहमी सगळ्यात शेवटी उघडायचात, तो शेवटी का, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

तुमची,
सुमा