फळ्या उतरवल्या, घर गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील नव्या वसाहतीत ओंडक्यांचे जुने घर जपणाऱ्या बिल्डरचे कौतुक करणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. ‘फळ्यांआड दडलेले मूळ सौंदर्य त्याने मोकळे केले’ या वाक्यापर्यंत मीही कौतुकात सहभागी होतो.

मेरीलँडमधील आमच्या वसाहतीच्या प्रवेशद्वाराशी असेच एक घर आहे. शेत विकले गेले, त्यावर नवी घरे उठली आणि हे जुने घर बिल्डरने क्लबहाउस म्हणून ठेवले. इथवर त्याचे आभार. मात्र ओंडके दिसल्याशिवाय घर जुने वाटणार नाही, म्हणून त्याने बाहेरच्या फळ्या उतरवल्या. ओंडक्यांवर पावसाचा मारा बसू नये यासाठी अशा घरांना फळ्या ठोकत, पुष्कळदा बांधतानाच. भरीस भर म्हणून फटींतले माती-चुन्याचे लिंपण काढून तिथे सिमेंट भरले. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आकसते, सिमेंट जागचे हलत नाही. मग कडेने बारीक भेग पडते आणि तीतून शिरलेले पाणी आतच मुरते. रहिवाशांच्या सभेत मी हे मांडले, तेव्हा ‘आपण सुतार आहात का?’ अशी विचारणा झाली. मी सुतार नाही. पण पाच वर्षांनी तळाच्या ओंडक्यात माझी मोटारीची किल्ली मुठीपर्यंत गेली, त्याला सुतारकाम यावे लागले नाही. दुरुस्तीची जादा वर्गणी मात्र माझ्याकडूनही घेतली गेली.

आपल्या लेखातील घर ‘दोनशे वर्षांचे’ कोणी ठरवले, हेही कळले नाही. इथल्याच माँटगोमेरी काउंटीत, गुलामगिरीतून निसटून १८३० मध्ये कॅनडाला गेलेल्या जोसाया हेन्सन यांची म्हणून प्रसिद्ध असलेली ओंडक्यांची खोली, तिला लागून असलेल्या घरासह, २००६ मध्ये दहा लाख डॉलरना सरकारी खर्चाने घेतली गेली. लाकडातील वर्तुळे तपासल्यावर झाडे १८५०च्या सुमारास तोडलेली निघाली. हे कोणी दडवले नाही आणि घरही टाकून दिले नाही. हेन्सन त्याच मळ्यावर गुलाम होते, आज तिथे त्यांचे संग्रहालय आहे.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्रातील ओंडके गोल, एकसारख्या जाडीचे आणि व्हार्निश केलेले आहेत. या भागातील जुन्या घरांचे ओंडके सहसा कुऱ्हाडीने तासून चपटे केलेले असतात. आपण छापलेले घर कारखान्यातून आलेले दिसते.

आपला,
एक वाचक, मेरीलँड